जो बोलेल तो दिसेल

आमच्या संस्थेची तीन केंद्रं. नौपाड्यात कार्यालय, डोंबिवली पूर्वेला कर्णबधिर मुलांचा सकाळचा वर्ग, आणि शहाडला स्टेशनपासून पाच मिनिटांवर दोन खोल्यांचं छोटं केंद्र. गेल्या वर्षी एका देणगीदारांनी तिन्हीकडे मोठे पडदे आणि कॅमेरे दिले, आणि त्या सगळ्यांना एकमेकांशी जोडणारा एक कॉल सर्व्हर. सर्व्हर म्हणजे पोथी ठेवायच्या पेटीएवढा काळा डबा. तो नौपाड्यात माझ्या टेबलाशेजारी असतो, आणि त्याचं दुखलंखुपलं मीच बघते.

मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये चोवीस वर्षं काढली. कोणाला कोणाशी जोडायचं, कोणाला थांबवायचं, हे हाताला माहीत होतं. त्यामुळे कंपनीचा सलिल डबा लावायला आला तेव्हा संस्थेने त्याला माझ्यासमोर बसवलं. दोन दिवस तो सांगत होता आणि मी वहीत उतरवून घेत होते. प्रत्येक केंद्राला एक नंबर, प्रत्येक नंबराला एक नाव, कोणाच्या वाट्याला किती वेग. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने विचारलं, "ताई, तिन्ही केंद्रं एका कॉलवर आली की पडद्यावर कोण दिसायला हवं? दोन पद्धती आहेत. एक, सगळे शेजारी शेजारी चौकटींत. दुसरी, जो बोलेल तो दिसेल. बोलणाऱ्याचं चित्र आपोआप पडदाभर येतं, बाकीचे मागे."

मला दुसरी फार आवडली. एकाने बोलावं, बाकीच्यांनी त्याच्याकडे बघावं. कीर्तनात तरी दुसरं काय असतं? मी तसं त्याला म्हटलंही. तो हसला आणि त्याने तसं लावून दिलं. माझ्या वहीत त्या ओळीपुढे मी लाल शाईने लिहिलं, 'पसंत.'

चातुर्मासात माझं दुपारी बारापर्यंत मौन असतं. हा नेम सासूबाईंकडून आला. कार्यालयात सगळ्यांना सवय आहे. मी पाटी जवळ ठेवते, काही सांगायचं असलं तर खडूने लिहिते. फोन दुसरं कोणी उचलतं. रोज साडेनऊला मी तिन्ही केंद्रं जोडून बघते, त्यालाही बोलायची गरज पडत नाही. शहाडहून बाबुराव म्हणतात, "हॅलो हॅलो, शहाड बोलतोय. जयभीम ताई, आवाज येतोय का?" बाबुराव खोपटच्या एसटी डेपोतून निवृत्त झालेले कंडक्टर, आता शहाडचं केंद्र उघडतात, झाडतात, सांभाळतात. त्यांचा आवाज यायला खरं तर तारेची गरज नसावी. डोंबिवलीहून प्रीती म्हणते, "येतोय काका, हळू बोला." प्रीती मुलांना खुणांची भाषा शिकवते आणि संस्थेची दुभाषीही तीच. दोघं एकमेकांना दिसतात, मला दोघं दिसतात, मी वहीत बरोबरची खूण करते.

एकदा प्रीतीचा मेसेज आला होता. "मेघनाताई, सकाळी तुम्ही कधीच दिसत नाही. नौपाड्याची खुर्ची रिकामी असते का?"

मी उत्तर पाठवलं, "मला काय बघायचंय? तुम्ही दोघं दिसता ना, झालं."

खरं सांगायचं तर मला थोडं बरंच वाटलं होतं. आपण न दिसणंही नेमातच बसतं, असं काहीतरी मनात आलं. बिघाड समोर उभा होता आणि मी त्याला नम्रपणा समजून नमस्कार करत होते.

श्रावणातल्या त्या गुरुवारी मुलाखती होत्या. आमच्याकडे चष्मे बनवण्याचा सहा महिन्यांचा वर्ग चालतो. काचा घासणं, फ्रेममध्ये बसवणं, नंबर तपासणं. बारा जागा. दहा भरल्या होत्या, दोन उरल्या होत्या, आणि शहाडहून तिघं आले होते. मुलाखत घेणार विठ्ठल कारखानीस सर. नौपाड्यात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, चाळीस वर्षं. आता दुकान मुलगा बघतो आणि सर आमच्याकडे शिकवतात. बारा वाजता यादी फळ्यावर लावून ते लेकीकडे नाशिकला निघणार होते. बॅग दारातच ठेवलेली.

तिघांमधली दुसरी सान्वी गायकवाड. वय एकोणीस, जन्मापासून ऐकू येत नाही. बाबुरावांच्याच चाळीतली. तिने आधी दोन ठिकाणी अर्ज केले होते, दोन्हीकडून 'संवाद साधता येत नाही' असं कारण आलं होतं. बाबुरावांनी ते मला आठवडाभर आधी फोनवर सांगितलं होतं. "ताई, पोरीचे हात सोन्याचे आहेत. चाळीतली सगळी घड्याळं तीच उघडते. पण हे तिसरं 'नाही' आलं ना, तर ती पुन्हा कुठे जाणार नाही, सांगून ठेवतो." घरच्या माणसाने दुभाषी व्हायचं नाही असा नियम. म्हणून प्रीती डोंबिवलीहून सरांचा प्रश्न खुणांनी विचारणार, सान्वी शहाडहून खुणांनी उत्तर देणार, आणि प्रीती ते उत्तर सरांना बोलून सांगणार. कागदावर अगदी सोपं.

पहिला मुलगा पंधरा मिनिटांत झाला. बोलका होता. मग सान्वी बसली.

सर म्हणाले, "सान्वी, तुला हे काम का शिकायचं आहे?"

पडद्यावर आम्हाला प्रीती दिसत होती. तिचे हात भराभर हलले, थांबले. "विचारलं सर," ती म्हणाली.

आम्ही वाट बघितली. काही नाही. पडद्यावर प्रीतीच.

"मुलगी उत्तर देत नाही का?" सरांनी विचारलं.

"सर, मला ती दिसतच नाहीये. मला तुम्ही दिसताय."

सरांनी प्रश्न पुन्हा विचारला, यावेळी मोठ्याने. ऐकू न येणाऱ्या माणसाशी सगळेच एकदा तरी मोठ्याने बोलून बघतात. प्रीतीने पुन्हा खुणा केल्या. पुन्हा शांतता. सरांनी यादीवर पेन टेकवलं. "बोलणाऱ्याची बोरं खपतात, न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत. काय करणार? पुढच्याला बसवा."

तेवढ्यात बाबुरावांचा आवाज आला, "साहेब, अहो ती मघापासून हात हलवतेय. 'प्रश्न काय आहे' असं विचारतेय वाटतं."

आणि ते बोलल्याबरोबर पडद्यावर सान्वी आली. दोन वेण्या, इस्त्री केलेला पिवळा ड्रेस, हात हवेत.

"दिसली," प्रीती म्हणाली, आणि त्या एका शब्दासरशी आमच्या पडद्यावरची सान्वी जाऊन परत प्रीती आली.

"कुठे दिसली?" सर म्हणाले.

"आता माझ्याकडूनही गेली, सर. तुम्ही बोललात ना." प्रीती जरा थांबली. "काका, तुम्ही बोललात की ती दिसते. तुम्ही बोलत राहा बघू."

"काय बोलू?"

"काहीही."

बाबुरावांनी घसा साफ केला. आणि आयुष्यभर जे म्हणत आले तेच सुरू केलं. "चला, खोपट, माजिवडा, कापूरबावडी. बाळकुम, बाळकुमवाले कोण? कशेळी, काल्हेर, पूर्णा..."

पडदाभर सान्वी. तिचे हात चालू झाले. तिला प्रश्न कळला नव्हता, पण अर्जात लिहिलेलं तिने स्वतःहून सांगायला घेतलं असावं. प्रीती ते बघून बोलू लागली. "मला बारीक वस्तू..." की चित्र गेलं, "...कशेळीवाले पुढे या..." की चित्र आलं, "...दुरुस्त करायला..." गेलं, "...अंजूरफाटा..." आलं.

कारखानीस सरांनी माझ्याकडे बघितलं. "मेघनाबाई, ही मुलगी चष्मे शिकायला येते आहे की भिवंडीला निघाली आहे?"

मी हसले नाही. डब्यात काहीही बिघडलेलं नव्हतं. त्याला मी जे सांगितलं होतं तेच तो इमानाने करत होता. जो बोलेल तो दिसेल. सर तोंडाने प्रश्न विचारत होते म्हणून शहाडला सर दिसत होते, आणि प्रीतीच्या हातातला खरा प्रश्न सान्वीपर्यंत पोहोचतच नव्हता. सान्वी हातांनी उत्तर देत होती म्हणून ती आमच्यापर्यंत पोहोचत नव्हती. रोज सकाळी मी गप्प बसत होते आणि कोणालाच दिसत नव्हते. प्रीतीने मला ते लिहून कळवलं होतं, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

मी पाटीवर लिहिलं, 'मुलीची चूक नाही. माझी. दहा मिनिटं द्या.'

सरांनी घड्याळ बघितलं. अकरा वाजून दहा. "दहा म्हणजे दहा," ते म्हणाले आणि चहा मागवला.

वही उघडली. सलिलने सांगितलेली पायरी न् पायरी त्यात होती. पण एक अडचण होती, तीही लिहिलेली होती: कॉल चालू असताना ही पद्धत बदलता येत नाही. आधी तोडायचा, बदलायचं, मग पुन्हा जोडायचं. मी प्रीतीला आणि बाबुरावांना मेसेज केला आणि कॉल तोडला.

शहाडला पुढे काय झालं ते बाबुरावांनी मला नंतर सांगितलं. पडदा काळा झाला तशी सान्वीने पिशवी उचलली. तिला वाटलं, संपलं, तिसरं 'नाही'. बाबुरावांना खुणांची भाषा येत नाही. ते तिला थांब म्हणाले, तिला कुठून ऐकू येणार? मग ते सरळ दारात जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले, भरलेल्या गाडीच्या पायरीवर उभे राहत तसे. "जागा नाही म्हणून लोकांना खाली ठेवायला हात पसरत आलेलो, ताई," ते मला म्हणाले. "आत ठेवायला पहिल्यांदाच."

इकडे मी नामस्मरण करत एक एक पान उघडत होते. लेआउट. तीन चौकटी, सारख्या. आवाजाशी संबंध नाही. जतन करा. 'नक्की?' असं त्याने विचारलं. नक्की.

पुन्हा जोडलं. शहाड आलं, डोंबिवली आली, आणि तिसऱ्या चौकटीत आमचा नौपाडा. चहाचा कप घेतलेले सर आणि त्यांच्या मागे कळफलकावर वाकलेली मी. इतक्या दिवसांत स्वतःला तिथे पहिल्यांदाच बघितलं. पदर नीट केला.

सान्वी दारातून वळून पडद्याकडे बघत होती. माझ्याकडेच. मी पाटीवर प्रीतीसाठी लिहिलं होतं, 'सगळे दिसतात का?' आणि ती पाटी कॅमेऱ्यासमोर धरली होती. सान्वी दोन पावलं पुढे आली. पिशवी खांद्यावरच. तिने प्रीतीला काहीतरी विचारलं. प्रीती हसायला लागली.

"काय म्हणते?" सरांनी विचारलं.

"ती विचारतेय, हे सगळं मशीन चालवणाऱ्या ताईंनाही ऐकू येत नाही का?"

सर माझ्याकडे बघायला लागले. प्रीतीही. मला कळेना काय करावं. त्या मुलीचा चेहरा असा खुलला होता की तो तसाच राहावा असं कोणालाही वाटलं असतं. पण नेम पाळायचा आणि त्याच्याच आडून खोटं पडू द्यायचं, हे काही बरोबर नाही. मी पाटी पुसली आणि लिहिलं, 'मला ऐकू येतं. बोलताही येतं. चातुर्मासात बारापर्यंत मौन असतं.'

सान्वीने वाचलं. भुवया वर गेल्या. मग तिचे हात हलले आणि यावेळी ते तिन्हीकडे दिसले.

प्रीती म्हणाली, "ती विचारतेय, बोलता येत असून गप्प? कशासाठी?"

मी जरा विचार करून लिहिलं, 'सवय लागावी म्हणून.'

सान्वीने दोनच खुणा केल्या. प्रीतीला हसू आवरेना. "म्हणतेय, मला लागलेली आहे."

सर चहा सांडेपर्यंत हसले. शहाडला बाबुरावांना विनोद उशिरा पोहोचला, ते शेवटी हसले आणि सगळ्यात जास्त वेळ हसले. मीही तोंडावर पदर धरून हसले. सान्वीने पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीत बसली.

पण अजून एक राहिलंच होतं. प्रीती म्हणाली, "मेघनाताई, चेहरा अगदी स्वच्छ येतोय हो, सोप्या खुणा अंदाजाने कळतात, पण बोटं येत नाहीत. नुसते फटकारे दिसतात. ती 'काच' म्हणाली की 'पाणी', मला कळत नाही."

शहाडची लाइन बारीक. चित्र रेखीव ठेवायचं म्हटलं की हालचाल अडखळते, आणि हालचाल सुरळीत ठेवायची तर रेखीवपणा सोडावा लागतो. मी सुरुवातीला सगळीकडे रेखीवपणा निवडला होता, सगळे छान दिसावेत म्हणून. एवढी एक गोष्ट चालू कॉलमध्ये बदलता येते. मी तिन्ही ठिकाणी हालचालीला पहिला मान दिला.

सगळ्यांचे चेहरे किंचित विरघळले. आणि सान्वीची बोटं सुटी झाली, एक एक.

"आता वाचता येतंय," प्रीती म्हणाली.

"मी असा धुरकट का झालो?" सरांनी विचारलं.

"साहेब, इकडून बरे दिसताय," बाबुराव म्हणाले. "चार-पाच वर्षं कमी."

अकरा वाजून पंचवीस झाले होते. सर सावरून बसले. गंमत संपली आणि त्यांचा दुकानातला चेहरा आला. पहिल्या मुलाला जो प्रश्न विचारला होता तोच त्यांनी विचारला. "एक गृहस्थ नवा चष्मा घेऊन परत आले. म्हणतात, नंबर बरोबर असेल, पण जिना उतरताना पायरी नीट दिसत नाही, पडेन असं वाटतं. तू काय तपासशील?"

प्रीतीचे हात हलले आणि शहाडला सान्वीची नजर त्यांच्यावर खिळली. प्रश्न एकदाचा तिच्यापर्यंत पोहोचला होता.

पहिला मुलगा म्हणाला होता, काच मशीनवर लावून नंबर बघीन. सरांनी मान हलवली होती. चूक नव्हतं ते.

सान्वीने उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. प्रीती तिच्या हातांमागून बोलत गेली. "आधी काच बघणार नाही. चष्मा काढायलाही सांगणार नाही. आधी तो माणूस चष्मा कसा घालतो ते बघीन. उभा राहताना, बसताना, कागद वाचताना. काच बरोबर असली तरी फ्रेम वर-खाली झाली की खालच्या भागातली वाचायची काच भलत्या जागी येते."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. बघून कळतं. मी दिवसभर माणसंच बघते." सान्वीचे हात थांबले. मग तिने प्रीतीला काहीतरी विचारलं, आणि प्रीतीने ते सरांना सांगावं की नाही असा चेहरा केला.

"सांगा," सर म्हणाले.

"ती म्हणतेय, राग येणार नसेल तर उदाहरण देते."

"देऊ दे."

"तुम्ही प्रश्न विचारायला बसल्यापासून सहा वेळा चष्मा वर ढकललात, सर. नाकावरचे दोन्ही पॅड फाकले असतील. उजव्या कानामागची दांडीही सरळ झाली असावी, कारण चष्मा नेहमी उजवीकडून आधी खाली येतो. म्हणून कागद वाचताना तुम्ही हनुवटी वर करता. मान दुखत असेल."

सरांचा उजवा हात वर निघाला होता. तो नाकापासून चार बोटांवर थांबला. त्यांनी तो हळूच खाली घेतला आणि टेबलावर ठेवला, दुसऱ्या हाताखाली.

शहाडला बाबुरावांनी डोळे मिटून घेतले होते.

"मान दुखते," कारखानीस सर म्हणाले. "दोन महिने झाले. मी उशी बदलली." थोडं थांबून ते पुढे म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांचे चष्मे बसवले. घरात मुलगा त्याच धंद्यात आहे. एकाने सांगितलं नाही मला."

त्यांनी यादी पुढे ओढली. पेन उचललं. मी त्यांच्या खांद्यामागून बघायला नको होतं, पण बघितलं. सान्वी गायकवाड या नावापुढे त्यांनी खूण केली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'डोळा आहे.'

"प्रीतीताई, तिला सांगा, सोमवारी सकाळी दहाला नौपाड्यात. उशीर चालणार नाही."

प्रीतीने सांगितलं. सान्वीने तिच्याकडे बघितलं, मग चौकटीतल्या सरांकडे, मग पुन्हा प्रीतीकडे. तिने तीच खूण पुन्हा विचारली आणि प्रीतीने तेच उत्तर पुन्हा दिलं. तेव्हा कुठे ती उठली. बाबुराव पुढे झाले, त्यांना हात मिळवायचा होता की डोक्यावर हात ठेवायचा होता ते त्यांनाच ठरवता आलं नाही. शेवटी त्यांनी तिची पिशवी उचलून तिच्या हातात दिली आणि दार उघडून बाजूला उभे राहिले.

तिसरी मुलाखत पावणेबाराला सुरू झाली. आर्यन नावाचा मुलगा, आंबिवलीचा. चांगली उत्तरं देत होता. मात्र दहा मिनिटांत सरांनी एकदाही चष्म्याला हात लावला नाही. तो उजवीकडून आधी घसरला, मग डावीकडून, हळूहळू पार नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला, आणि सर हनुवटी आढ्याकडे करून, दोन्ही हात टेबलावर घट्ट धरून, मोठ्या गांभीर्याने प्रश्न विचारत राहिले.